ज्या कर्जाला हप्ता नसतो

(पुण्यातील युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘पैशाचं नियोजन’ असा विषय दिला होता. मी अर्थतज्ज्ञ नाही. कोंढव्यात राहतो, खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यामुळे मी उपदेश करणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर एक प्रश्न आला होता, तोच आकड्यांसकट सांगतो. जुनी गाडी घ्यावी की कर्ज फेडावं? तुमच्यापैकी ज्यांची नोकरी लागून तीन-चार वर्षं झाली आहेत, त्यांना हा प्रश्न आज ना उद्या पडेलच.

ऑगस्ट 2023. माझ्या खात्यात 4 लाख 20 हजार रुपये जमले होते. लॉकडाऊनमध्ये घरून काम केलं तेव्हाची बचत, एक बोनस आणि आमच्या गल्लीतल्या भिशीचा माझा नंबर लागला ते पैसे. आयुष्यात पहिल्यांदा खात्यात एवढी रक्कम दिसत होती आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती: गाडी.

गाडीची हौस होती हे कबूल करतो, पण नुसती हौस नव्हती. अम्मीचे गुडघे गेलेत. तिला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा बघावी लागते. मला ऑफिसला जाऊन-येऊन साधारण 32 किलोमीटर पडतात. पावसाळ्यात बाइकवर तो प्रवास कसा होतो, ते पुणेकरांना सांगायला नको. मेट्रो वनाझहून निघाली, स्वारगेटकडे निघाली, कोंढव्याला काही आली नाही. खराडीजवळ भाड्याने घर बघितलं होतं. दोन ठिकाणी सगळं ठरलं आणि नाव सांगितल्यावर बोलणं थांबलं. म्हणजे घर कुठे असावं हे पूर्णपणे आमच्या हातात नाही आणि त्याचा खर्च पेट्रोलच्या रूपाने रोज निघतो. तेव्हा गाडी म्हणजे चैन असं मी म्हणणार नाही.

एक वॅगन आर बघितली. 2016 चं मॉडेल, एमएच-12 पासिंग, 58 हजार किलोमीटर चाललेली. मालक 3 लाख 85 हजार मागत होता.

आता दुसरी बाजू. माझ्या डोक्यावर कर्ज होतं. 2021 मध्ये बहिणीच्या लग्नासाठी 5 लाखांचं वैयक्तिक कर्ज काढलं होतं. 14 टक्के व्याज, पाच वर्षं, हप्ता 11,634 रुपये. चोवीस हप्ते भरून झाले होते. म्हणजे बँकेला मी पावणेतीन लाखांहून जास्त दिले होते. मला वाटत होतं, कर्ज निम्म्यावर आलं असेल. खात्याचा उतारा काढला तर मुद्दल अजून 3 लाख 40 हजार बाकी. दोन वर्षांत जे भरलं, त्यातले जवळजवळ 1 लाख 20 हजार व्याजातच गेले होते. हप्त्याच्या कर्जात सुरुवातीला व्याज जास्त आणि मुद्दल कमी कापलं जातं, हे इंजिनिअरिंगला शिकवत नाहीत.

दुसरं कर्ज क्रेडिट कार्डाचं. 46 हजार. ‘किमान रक्कम’ भरत होतो आणि समजत होतो की सगळं ठीक आहे. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के होतं. म्हणजे 1,610 रुपये आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी धरून 1,900. वर्षाचा हिशेब केला तर बेचाळीस टक्के, कर वेगळा. गंमत बघा. एका खिशात मी तीन टक्के देणाऱ्या बचत खात्यात चार लाख ठेवले होते आणि दुसऱ्या खिशात बेचाळीस टक्क्यांचं कर्ज होतं. बचत खात्याला मी ‘गाडीचे पैसे’ असं नाव दिलं होतं ना, म्हणून त्याला हात लावत नव्हतो. आपण पैशांना नावं देतो आणि मग त्या नावांना घाबरतो.

ही दोन कर्जं मी एक्सेलमध्ये मांडली. शेजारी गाडीचा खर्च मांडला. गर्दीत लिटरला 16 किलोमीटर धरले, महिन्याला 22 दिवस, पेट्रोल तेव्हा 106 च्या आसपास. 4,700 रुपये झाले. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून वर्षाला 24 हजार, म्हणजे महिन्याला 2,000. सोसायटीत पार्किंगचे 800. एकूण साडेसात हजार. बाइकला मला 1,700 लागत होते. शिवाय गाडीची किंमत दरवर्षी उतरणार, ते वेगळं. आणि अम्मीचा दवाखाना? सात किलोमीटर. तेव्हा पुण्यात रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये होते. एका बाजूचे 120 धरा. महिन्यातून चार वेळा जाऊन-येऊन हजाराच्या आत. रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं, पैसे दुप्पट दिले, तरी दोन हजार. म्हणजे ‘अम्मीसाठी गाडी’ हे कारण खरं असलं तरी आकड्यात टिकत नव्हतं. मी माझ्या हौशीला अम्मीचं नाव देत होतो.

तरी मी गाडी बघायला गेलोच. एजंट म्हणाला, “साहेब, तुमचे पैसे राहू द्या. तीन लाखांचं लोन करून देतो, फक्त नऊ टक्के.” मी खूश झालो. नंतर विचारलं, नऊ टक्के फ्लॅट की घटत्या शिलकीवर? फ्लॅट. म्हणजे पाच वर्षं पूर्ण तीन लाखांवर व्याज, मुद्दल फिटत गेलं तरी. 1 लाख 35 हजार व्याज, हप्ता 7,250. घटत्या शिलकीच्या भाषेत तोच दर पावणेसोळा टक्क्यांच्या आसपास जातो. हा एक प्रश्न पाठ करून ठेवा: फ्लॅट की रिड्युसिंग? आता रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो कागद मागून घ्या आणि वाचा.

आपल्याच जिल्ह्यात, सुपे गावात, 12 मे 1875 ला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर मोर्चा नेला आणि कर्जाचे कागद जाळले. ज्यावर अंगठा उठवला, त्यात काय लिहिलंय हे अनेकांना वाचता येत नव्हतं. पुढे 1879 च्या कायद्यात असे कागद गावच्या निबंधकासमोर करण्याची तरतूद आली. आज आपल्याला वाचता येतं. तरी मोबाइलवर ‘मान्य आहे’ वर अंगठा दाबताना किती जण वाचतात? मीही वाचलं नव्हतं.

इथपर्यंतचा हिशेब कुणीही करून देईल. यूट्यूबवर शंभर लोक करून देतात. खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

जुनी गाडी घेताना मेकॅनिकला दाखवायची असते. माझे मामू मेकॅनिक आहेत. नाना पेठेत त्यांचं छोटं गॅरेज आहे. एका रविवारी मालकाला गाडी घेऊन तिथे बोलावलं.

मामूंनी आधी बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गार आहे ना, हे बघायला. गाडी गरम करून आणली असेल तर सकाळी सुरू होताना ती काय आवाज करते ते कळत नाही. मग ऑइलचं झाकण उघडून धूर बघितला. क्लच-ब्रेकच्या पेडलची रबरं बघितली. मीटर मागे फिरवता येतं, पण रबरं झिजलेली असतील तर ती खोटं बोलत नाहीत. फेंडरच्या बोल्टवरचा रंग उडालाय का बघितलं, म्हणजे पत्रा कधी खोलला होता का ते कळतं. टायरवरचे चार आकडे मला वाचायला लावले: 2216. बाविसावा आठवडा, 2016. टायर कंपनीचेच होते, म्हणजे गाडी फार पळालेली नव्हती, पण टायर आता बदलायलाच हवे होते. शेवटी पायाखालचा गालिचा उचलून वास घेतला. म्हणाले, “2019 च्या सप्टेंबरमध्ये आंबील ओढ्याला पूर आला, किती गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात फिरतायत.”

मग जॅक लावून, पाठीवर झोपून ते गाडीखाली गेले. साठीला आलेला माणूस. बाहेर येताना गॅरेजमधल्या पोराने हात दिला, तेव्हा उठता आलं. पोरगा म्हणाला, “चाचा, एक लिफ्ट टाका ना. रोज असं लोळायचं.”

मामू हात पुसत म्हणाले, “टाकणार होतो रे, दहा साली. राहून गेलं.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “गाडी चांगली आहे बेटा. टायरचे पंधरा हजार कमी करून घे आणि घेऊन टाक.”

एवढंच. त्यांनी ते मला उद्देशून म्हटलं नव्हतं. त्यांच्या लक्षातही नसेल.

2010 साली मी इंजिनिअरिंगला गेलो. अब्बा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. कॉलेजची फी, हॉस्टेल, पुस्तकं. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीतून वर्षाला वीस हजारांपर्यंत फी मिळायची, पण ती नंतर यायची आणि प्रवेश आज घ्यायचा होता. अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. अब्बा मामूंकडे गेले. मामूंनी दीड लाख रुपये दिले. कागद नाही, व्याज नाही, मुदत नाही. ‘जमेल तेव्हा दे’ म्हणाले.

अब्बांना ते जमलं नाही. 2019 मध्ये अब्बा गेले.

जनाज्याच्या नमाजाआधी आपल्याकडे विचारतात: मय्यतवर कुणाचं देणं असेल तर सांगावं, वारस ते फेडतील. माझे चाचा पुढे उभे राहून तसं म्हणाले. एका किराणावाल्याने नंतर येऊन आठशे रुपये सांगितले, ते मी त्याच संध्याकाळी दिले. मामू पहिल्या रांगेत उभे होते. ते काही बोलले नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. आज तुमच्यासमोर खरं सांगतो, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. ते बोलले नाहीत म्हणजे त्यांनी सोडून दिलं, असं मी माझ्या सोयीने ठरवलं. पुढे चार वर्षं त्यांच्या घरी ईदला शीरखुर्मा प्यायलो.

त्या रविवारी रात्री मी एक्सेल पुन्हा उघडली. वैयक्तिक कर्जाची ओळ होती. कार्डाची ओळ होती. मामूंची ओळच नव्हती. का नव्हती? कारण त्यांचा मेसेज येत नव्हता. त्यांच्या कर्जाने माझा सिबिल स्कोअर पडत नव्हता. त्यावर व्याज चढत नव्हतं. जे कर्ज सर्वांत प्रेमाने दिलं गेलं, तेच माझ्या यादीतून गळालं होतं.

आणि व्याज चढत नव्हतं म्हणजे तरी काय? 2010 मध्ये सोनं तोळ्याला साडेअठरा हजारांच्या आसपास होतं. दीड लाखात आठ तोळे आले असते. 2023 मध्ये तोळा साठ हजारांच्या आसपास. त्याच दीड लाखात अडीच तोळे. बाकीचे साडेपाच तोळे गेले कुठे? बँकेला मी व्याज भरलं, त्याची पावती माझ्याकडे आहे. मामूंच्या कर्जाचं व्याज मामूंनीच भरलं. गाडीखाली पाठीवर झोपून भरलं. बिनव्याजी कर्ज फुकट नसतं. त्याची किंमत देणारा भरतो.

आपण कर्ज-ए-हसनाचं खूप कौतुक करतो. व्याज वाईट, हे तर आपल्यातल्या लहान पोरालाही पाठ असतं. पण कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरा बकराची 282 वी, व्यवहाराची आहे. मुदतीचं कर्ज असेल तर लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. व्याजाबद्दलचा भाग आपण लक्षात ठेवला आणि लिहिण्याचा भाग विसरलो. ‘घरचाच माणूस आहे, कशाला लिहायचं’ असं म्हणतो. पण लिहिलं नाही की घरचाच माणूस बुडतो. परका माणूस लिहून घेतो.

आता मी काय केलं ते सांगतो. गाडीवाल्याला फोन करून नाही म्हटलं. तो रागावला, मी माफी मागितली. 4 लाख 20 हजारांचे चार भाग केले.

पहिले 46 हजार कार्डाला. पूर्ण बंद. बेचाळीस टक्के वाचवून देणारी दुसरी कोणतीही गुंतवणूक मला माहीत नाही.

दुसरे 90 हजार बाजूला. घरातल्या दोन-अडीच महिन्यांच्या खर्चाचे. हे का, तर हे नसले की पुढच्या आजारपणात पुन्हा तेच कार्ड बाहेर येतं.

तिसरे दीड लाख मामूंचे.

चौथे उरलेले 1 लाख 34 हजार बँकेत मुद्दलात भरले आणि हप्ता तेवढाच ठेवायला सांगितला. बँका विचारतात, हप्ता कमी करू की मुदत कमी करू? मुदत कमी करा म्हणा. माझे राहिलेले छत्तीस हप्ते वीसवर आले. व्याजातले साधारण 52 हजार वाचले. मुदतीआधी भरण्याचं शुल्क किती, ते मात्र आधी विचारा. ठरलेल्या दराच्या कर्जावर ते लागू शकतं, त्याचे नियमही बदलत असतात.

इथे तुमच्यातले हिशेबी लोक म्हणतील, चुकलास. मामूंचं व्याज शून्य आणि बँकेचं चौदा. आधी बँक संपवायची, मग सुटलेल्या हप्त्यातून मामूंना तेरा महिन्यांत फेडायचं. बरोबर आहे. तसं केलं असतं तर माझे आणखी पंचवीस हजारांच्या आसपास वाचले असते. मीही रात्रभर तेच घोळवत होतो. पण त्यांना तेरा वर्षं थांबवलं होतं, आता आणखी तेरा महिने थांबवायचे, आणि तेही माझे पंचवीस हजार वाचावेत म्हणून? गणित मला येतं. ते मी स्वतःच्या बाजूने वापरत होतो, एवढंच मला दिसलं.

मामूंच्या घरी गेलो. पैसे खात्यात टाकून नुसता मेसेज केला असता तरी चाललं असतं, पण चेक घेऊन गेलो. मामू म्हणाले, “कसले पैसे? ते तुझ्या अब्बांना दिले होते. ते गेले, विषय संपला.” मी गप्प. मग आतून मामी आल्या. त्यांनी चेक माझ्या हातातून घेतला, आकडा वाचला आणि म्हणाल्या, “विषय तुमचा संपला असेल. माझा नव्हता संपला.” कपाटात ठेवून आल्या आणि चहा टाकला.

तेव्हा मला कळलं, मामूंनी कधी मागितलं नाही याचा अर्थ त्या घरात कधी बोलणं झालं नाही असा नव्हता. दिलदार माणसाच्या मागे बहुतेक वेळा एक बाई असते, जी घर चालवताना तो आकडा रोज आठवते. आपण मामूंचं मोठेपण सांगत राहतो आणि मामींना कुणी विचारत नाही.

लिफ्ट अजून आलेली नाही. त्या पैशांतून माझ्या मामेबहिणीची नर्सिंगची फी गेली. माझ्या उशिराची भरपाई दीड लाखांनी होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी आता तिच्या दुसऱ्या वर्षाची फी भरतो. अट कुणी घातली नव्हती. मागण्याआधी देता येतं का, ते बघतोय.

बँकेचं कर्ज यंदा एप्रिलमध्ये संपलं. तेव्हापासून तेच 11,634 रुपये दर महिन्याच्या पाच तारखेला दुसऱ्या खात्यात जातात. नर्सिंगची फी त्यातूनच निघते. हप्त्याची सवय झालेलीच होती, फक्त घेणारा बदलला. त्या खात्यातून कधीतरी गाडी येईल. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही बसतो, तेव्हा थांबण्यात तोटा झाला नाही. पण समजा झाला असता, तरी मी तोच निर्णय घेतला असता. अम्मीसाठी आता एक रिक्षावाला ठरवलाय. तो तिला जिन्यापर्यंत सोडतो. गाडी असती तरी सकाळी अकरा वाजता मी ऑफिसमध्येच असतो ना!

मी गाडीच्या विरोधात नाही. कुणाची नोकरीच गाडीवर असेल, कुणाच्या घरात रोजचा रुग्ण असेल, तर कर्ज असतानाही गाडी घेणं बरोबर ठरू शकतं. माझं म्हणणं एवढंच आहे की निर्णय घेण्याआधी यादी पूर्ण करा. बँक स्वतःची ओळ तुमच्या यादीत स्वतःच लिहून घेते. ज्यांनी लिहून घेतलं नाही, त्यांची ओळ तुम्हाला लिहावी लागेल. फीसाठी बांगड्या मोडणारी अम्मी, वर्षभर भिशीचा नंबर सोडणारी खाला, स्वतःचं शिक्षण थांबवून भावाला शिकू देणारी आपा. त्यांच्यासमोर रक्कम लिहा. रक्कम काढता येत नसेल तर नुसतं नाव लिहा.

आज घरी गेल्यावर गाडीच्या जाहिराती बघण्याआधी ही यादी करा. आणि ज्याचं नाव सर्वांत वर येईल, त्याला आज रात्रीच फोन करा. पैसे नसतील तर किती आणि कधीपासून देणार, तेवढं सांगा. त्यांच्या जनाज्यात किंवा तुमच्या जनाज्यात तो प्रश्न विचारला जाईल, तेव्हा पहिल्या रांगेतल्या कुणाला खाली बघावं लागू नये.